कामाचे इंग्रजी : पर्यटनाच्या व्यवसायशिक्षणातील भाषाविषयाची मांडणी

पर्यटन आणि आतिथ्य व्यवसायाचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला इंग्रजी लागते, याबद्दल फारसे दुमत नाही. कोणते इंग्रजी लागते, किती लागते आणि ते कसे शिकवावे, हे प्रश्न मात्र बहुतेक अभ्यासक्रमांत नीट विचारलेलेच नसतात. आयटीआय, बारावीचे व्यवसाय अभ्यासक्रम, नववी-दहावीतला पर्यटन व आतिथ्य हा कौशल्यविषय, हॉटेल मॅनेजमेंटची पदविका अशा वेगवेगळ्या वाटांनी मुले या क्षेत्रात येतात. त्यांच्यापैकी पुष्कळजण मराठी माध्यमाच्या शाळांतून आलेले असतात. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहा-बारा वर्षे हा विषय शिकून विद्यार्थी व्यवसायशिक्षणाकडे वळतो. तरीही रिसेप्शनच्या काउंटरमागे उभे केले की तो गांगरतो. यावर काढला जाणारा नेहमीचा उपाय म्हणजे शाळेत झाले तेच पुन्हा शिकवणे : काळांचे तक्ते, प्रयोग बदला, रिकाम्या जागा भरा, रजेचा अर्ज. दहा वर्षांत जे साधले नाही ते त्याच मार्गाने आणखी एका वर्षात साधेल, अशी अपेक्षा त्यामागे असते. ही दिशा उलटी करायला हवी. व्यवसायशिक्षणातल्या इंग्रजीची सुरुवात व्याकरणापासून न करता कामापासून करावी. मात्र ते कामाच्या चार ठरीव वाक्यांपाशी थांबूही नये.

भाषेचा अभ्यासक्रम शिकणाऱ्याच्या गरजेवरून ठरवावा, हा विचार नवा नाही. त्याचे एक मूळ भारतातच सापडते. मायकेल वेस्ट हे शिक्षणाधिकारी बंगालमध्ये काम करत असताना, १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी असे मांडले, की बंगाली विद्यार्थ्याला इंग्रजी मुख्यतः वाचनासाठी लागते, म्हणून शिक्षणाचा भर वाचनावर हवा. त्यांचा निष्कर्ष आजच्या वेटरला किंवा गाइडला लागू पडत नाही, कारण त्यांचे काम बोलण्या-ऐकण्याचे आहे. पण गरज आधी पाहण्याची त्यांची रीत लागू पडते. पुढे १९७८ मध्ये जॉन मन्बी यांनी गरजांचे तपशीलवार विश्लेषण कसे करावे याचा आराखडा दिला. १९८७ मध्ये टॉम हचिन्सन आणि ॲलन वॉटर्स यांनी गरजेचे तीन भाग पाडले : कामाला प्रत्यक्ष काय लागते, शिकणाऱ्यापाशी त्यातले काय कमी आहे, आणि त्याला स्वतःला काय हवे आहे. पर्यटनाच्या विद्यार्थ्यांबाबत हे तिन्ही भाग सहसा एकमेकांशी जुळत नाहीत. हॉटेलमालकाला तक्रार ऐकून घेता येणारा माणूस हवा असतो, शिक्षकाला वाक्यातल्या चुका दिसतात, आणि विद्यार्थ्याची नजर परदेशी जहाजावरच्या नोकरीकडे असते. गोव्यात बोटीवर नोकरी करणाऱ्या तारवट्यांची परंपरा जुनी आहे. क्रूझ जहाजांवरच्या नोकऱ्यांकडे कोकणातल्या तरुणांचाही ओढा आहे. तिथली मुलाखत इंग्रजीतच होते. विद्यार्थ्याची ही इच्छा अभ्यासक्रमाने उडवून लावू नये. शिकण्याचा जोर तिच्यातूनच येतो.

यावर एक आक्षेप साहजिक आहे. आपल्याकडचे बहुसंख्य पर्यटक देशी आहेत, मग इंग्रजीचा एवढा खटाटोप कशाला? २०१९ साली भारतात सुमारे १ कोटी ९ लाख परदेशी पर्यटक आले; त्याच वर्षी देशांतर्गत पर्यटकभेटींचा आकडा सुमारे २३२ कोटी होता. परदेशी पाहुण्यांतही पहिला क्रमांक बांगलादेशाचा होता. आकडे खरे आहेत, पण त्यांतून इंग्रजी अनावश्यक ठरत नाही. चेन्नई किंवा कोच्चीहून वेरूळला आलेल्या कुटुंबाशी हिंदीत बोलून दरवेळी भागत नाही. शिवाय आरक्षणाची संकेतस्थळे, व्हाउचर, रद्द करण्याच्या अटी, पाहुण्यांचे ऑनलाइन अभिप्राय आणि त्यांना द्यायची उत्तरे हा सगळा व्यवहार बराचसा इंग्रजीत चालतो. निवास-न्याहारी योजनेत घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देणाऱ्या मालवणच्या कुटुंबालाही तो टळत नाही. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तिथल्या व्यावसायिकाचा गिऱ्हाइकाशी पहिला संबंध आज पुष्कळदा मोबाइलच्या पडद्यावर येतो. आकड्यांवरून निघणारा खरा निष्कर्ष असा, की परदेशी गोऱ्या साहेबाशी बोलण्याचे इंग्रजी हे उद्दिष्ट जुने झाले आहे. इंग्रजी ही इथे बहुतेक वेळा अशा दोन माणसांमधली भाषा असते, ज्यांच्यापैकी कोणाचीच ती मातृभाषा नाही.

गरजेचा विचार करू लागले की 'पर्यटनाचे इंग्रजी' असे एकसंध काही नसते, हे लक्षात येते. रिसेप्शनवरच्या माणसाला आकडे, तारखा, नावांची स्पेलिंगे आणि दर अचूक ऐकता-सांगता यावे लागतात. हाउसकीपिंगवाल्याचे संवाद छोटे असतात, पण खोलीत जाण्याआधी परवानगी मागणे आणि हरवलेल्या वस्तूची विचारपूस करणे त्याला जमावे लागते. ट्रॅव्हल एजन्सीतल्या मुलीला 'अमुक तारखेआधी रद्द केले तर इतके पैसे परत मिळतील' अशी अटींची वाक्ये रोज लागतात. सहलीचा कार्यक्रम सांगणाऱ्याला उद्याची गोष्ट साध्या वर्तमानकाळात सांगावी लागते, कारण वेळापत्रक सांगण्याची इंग्रजीची रीतच तशी आहे. गाइडला कर्मणी प्रयोगाशिवाय चालत नाही. लेणे कोरले गेले, दरवाजा बांधला गेला, रंग असा तयार केला जात असे, ही त्याची नित्याची वाक्ये. म्हणजे व्याकरण अभ्यासक्रमातून हद्दपार होत नाही, त्याचा क्रम तेवढा बदलतो. जो प्रयोग ज्याच्या कामात येतो तो त्याला आधी आणि पक्का शिकवायचा. शाळेत 'प्रयोग बदला' म्हणून कंटाळवाणा ठरलेला धडा कैलास लेण्यासमोर उभे राहिले की अर्थपूर्ण होतो.

गाइडच्या बाबतीत भाषा आणि विषयज्ञान वेगळे काढताच येत नाहीत. वेरूळचे सोळावे लेणे वरून खाली कोरत आणले आहे. ही एकच गोष्ट पाहुण्याला समजेल अशी सांगायची तर क्रम दाखवणारे शब्द लागतात, दगड काढून टाकणे आणि दगड रचणे यांतला फरक सांगावा लागतो, आणि आधी काय झाले व मग काय झाले याची स्वच्छ मांडणी लागते. अजिंठ्याच्या चित्रांना सर्रास फ्रेस्को म्हटले जाते. पण ती कोरड्या गिलाव्यावर काढलेली आहेत आणि फ्रेस्को हे काटेकोर अर्थाने ओल्या गिलाव्यावरचे चित्र. जाणकार पाहुण्याने हा प्रश्न विचारला तर पाठ केलेले भाषण कामाला येत नाही. किल्ल्यांचे उदाहरण याहून बोलके आहे. २०२५ साली मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्यांतले ११ महाराष्ट्रात आहेत आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. राजगडाच्या माच्या, बालेकिल्ला, रायगडाचा महादरवाजा, चोरदिंडी यांना इंग्रजीत तयार प्रतिशब्द नाहीत, आणि शोधायची गरजही नाही. मराठी शब्द तसाच ठेवायचा आणि लगेच एका साध्या वाक्यात त्याचे काम सांगायचे, हे गाइडचे खास भाषाकौशल्य आहे. दरवाजा दोन बुरुजांच्या आड असा का दडवला, वाट तिथेच का वळवली, शत्रूच्या हत्तीला धडक मारायला पल्ला का मिळत नसे, हे सांगणारी सोपी वाक्ये विद्यार्थ्याने स्वतः तयार केली पाहिजेत. दुसऱ्याने लिहून दिलेली संहिता पहिल्याच प्रश्नाला तुटते.

जेवणाच्या टेबलावर भाषेचा संबंध थेट सुरक्षिततेशी येतो. मालवणी जेवणात कोळंबी, तिसऱ्या, खेकडे, खोबरे, काजू यांचा मुक्त वापर असतो. शिंपल्यातल्या किंवा कवचातल्या जलचरांची ॲलर्जी असलेल्या पाहुण्याने 'यात काय काय आहे' असे विचारले तर स्टुअर्डला घटक सांगता आले पाहिजेत. आणि माहिती नसेल तर 'किचनमध्ये विचारून सांगतो' हे तरी निश्चित म्हणता आले पाहिजे. अंदाजाने मान डोलावणे इथे धोक्याचे ठरते. शाकाहारी, जैन आणि दूधही न घेणारा व्हीगन यांच्या जेवणातले फरक सांगणे हाही याच धड्याचा भाग आहे. समुद्रातही हेच. तारकर्लीला पाण्याखाली नेण्याआधी पर्यटकांना हातांच्या खुणा समजावून देतात. जमिनीवर 'छान' म्हणून दाखवला जाणारा वर केलेला अंगठा पाण्याखाली 'वर चला' असा अर्थ देतो. सगळे ठीक असल्याची खूण अंगठा आणि तर्जनी जोडून करतात. हे सांगून भागत नाही, समोरच्याकडून करून घ्यावे लागते. सूचना देणे आणि ती समजली की नाही हे तपासणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. पाठ्यपुस्तकांत पहिले असते. दुसरे क्वचितच असते.

मराठी माणसाच्या पर्यटनाशी जोडलेले आणखी एक काम भाषेच्या दृष्टीने फार अवघड आहे : परदेशी सहलीवरच्या टूर मॅनेजरचे. केसरी, वीणा वर्ल्ड यांसारख्या कंपन्यांच्या सहलींत तो पर्यटकांशी मराठीत बोलतो. हॉटेल, बसचालक आणि स्थानिक गाइड यांच्याशी इंग्रजीत. आजोबांना लसूण चालत नाही, एका खोलीत गरम पाणी येत नाही, कोणाचा तरी पासपोर्ट सापडत नाही, हे सगळे त्याला मराठीतून ऐकून इंग्रजीत मांडायचे असते आणि मिळालेले उत्तर राग वाढणार नाही अशा बेताने मराठीत परत आणायचे असते. कौन्सिल ऑफ युरोपच्या भाषाविषयक आराखड्यात अशा मध्यस्थीला बोलणे, ऐकणे, वाचणे, लिहिणे यांच्या बरोबरीचे स्थान दिले आहे. आपल्याकडे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला अनेक पिढ्यांनी गिरवली. सुटी वाक्ये एका भाषेतून दुसरीत नेण्याचा तो सराव होता. पर्यटनाला लागणारे भाषांतर तोंडी असते, तिथल्या तिथे करायचे असते, आणि त्यात शब्दांपेक्षा हेतू पोचवणे मोलाचे असते. व्यवसायशिक्षणाच्या वर्गात मराठीला दाराबाहेर ठेवण्याचा आग्रह याच कारणाने चुकीचा आहे. पाहुण्याची अडचण मराठीतून समजून घ्यावी, त्यावर मराठीत चर्चा करावी आणि मग तोच प्रसंग इंग्रजीत वठवावा, ही पायरी वेळ वाचवते. शिवाय मुलांना आपले विषयज्ञान आधी आपल्या भाषेत पक्के करता येते.

उच्चारांबाबतही उद्दिष्ट नव्याने ठरवावे लागते. ब्रिटिश किंवा अमेरिकी वळण अंगी बाणवण्यात वर्षे खर्च करण्यापेक्षा, कोणत्या उच्चारामुळे समोरच्याचा गैरसमज होतो एवढे पाहणे पुरेसे आहे. जेनिफर जेन्किन्स यांनी २००० साली याच प्रश्नावर पुस्तक लिहिले. इंग्रजी मातृभाषा नसलेले लोक आपसांत बोलतात तेव्हा काही उच्चार समजण्यासाठी आवश्यक असतात आणि काही चुकले तरी बिघडत नाही, असे त्यांनी दाखवले. 'थँक्यू'तल्या पहिल्या वर्णासाठी जीभ दातांत धरण्याचा सराव टाळला तरी चालतो. मराठी मुलांनी ज्यांकडे लक्ष द्यावे अशा जागा निराळ्या आहेत. मराठी बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घ इकाराचा भेद पातळ असतो, त्यामुळे 'शिप' आणि 'शीप' एकसारखे होतात. शब्दाच्या सुरुवातीचा 'प' आपण श्वास न सोडता उच्चारतो, म्हणून 'पॅक' म्हटलेले परदेशी कानाला 'बॅक' वाटू शकते. आपल्या एका 'व'मध्ये इंग्रजीचे दोन वेगळे वर्ण मिसळतात. सर्वांत जास्त घोटाळे आकड्यांत होतात : थर्टीन की थर्टी, फिफ्टीन की फिफ्टी. दर, वेळ, खोलीचा क्रमांक यांत असा गोंधळ परवडत नाही. आकडा सांगून झाल्यावर 'वन-फाइव्ह' असे सुटे अंक पुन्हा सांगण्याची सवय लावली की हा प्रश्न बराचसा सुटतो. ऐकण्याचा सरावही तसाच विविध हवा. रशियन, जपानी, थाई, स्कॉटिश, तमिळ अशा वळणांचे इंग्रजी वर्गात ऐकवले नाही, तर नोकरीवर ते पहिल्यांदाच कानी पडते.

वाक्य शुद्ध असूनही पाहुणा दुखावला जाऊ शकतो, आणि हे व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाही. मराठीत आदर क्रियापदातच असतो; 'बसा', 'घ्या', 'काय आणू?' एवढ्यात सगळी अदब येते. इंग्रजीच्या क्रियापदात ती सोय नाही. 'काय पाहिजे?' हे मराठीत सहज चालणारे वाक्य 'व्हॉट डू यू वॉन्ट?' होऊन बाहेर पडले की उद्धट वाटते. तिथे 'कुड', 'वुड', 'मे आय' यांचा आधार घ्यावा लागतो. उलट अदबीच्या भरात प्रत्येक वाक्यात दोनदा 'सर' घालण्याची सवयही सुधारावी लागते. ही शिकवण स्वभाव सुधारण्याची नसून दोन भाषांच्या रीती ओळखण्याची आहे, हे मुलांना स्पष्ट सांगितले तर त्यांचा संकोच कमी होतो.

इथे प्रश्न येतो, की ठरावीक प्रसंगांची ठरावीक वाक्ये पाठ करून घेतली तर काय बिघडले? काही व्यवसायांत तसे चालते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली जहाजांवरील संपर्कासाठी प्रमाण वाक्यांचा संच स्वीकारला, आणि त्याचा उपयोग निर्विवाद आहे. पण तिथे दोन्ही बाजूंनी तीच वाक्ये शिकलेली असतात. पर्यटनात पाहुण्याने कोणताही संच पाठ केलेला नसतो. चेक-इनचा संवाद ठरलेल्या वाटेने जातो, तक्रारीचा जात नाही. रात्री अकराला एसी बंद पडला, दुसरी खोली रिकामी नाही आणि पाहुणा चिडलेला आहे, अशा वेळी ऐकून घेणे, दिलगिरी व्यक्त करणे, अडचण आपल्या शब्दांत पुन्हा सांगून खात्री करणे, काय करता येईल आणि किती वेळात हे सांगणे, आणि नंतर जाऊन विचारणे, असा क्रम शिकवता येतो. वाक्ये मात्र त्या वेळीच घडवावी लागतात. तयार वाक्ये सुरुवातीला हातात हवीत, पण अभ्यासक्रमाची परीक्षा ती संपल्यावर काय होते यावर व्हावी. 'समजले नाही, जरा सावकाश सांगाल का', 'म्हणजे तुम्हाला असे म्हणायचे आहे का' अशी दुरुस्तीची वाक्ये त्यामुळे पहिल्याच आठवड्यात शिकवावीत.

पाठांतराविरुद्धचे दुसरे कारण न्यायाचे आहे. अभ्यासक्रमाने विद्यार्थ्याला सेवेचीच वाक्ये दिली, तर तो सेवेच्याच पायरीवर राहतो. रूमबॉयला सुपरवायझर व्हायचे असेल तर शिफ्टचा अहवाल लिहावा लागतो, ई-मेल वाचावी लागते, बैठकीत बोलावे लागते. नेमणूकपत्रातल्या अटी, कामाचे तास, सेवाशुल्कातला वाटा हेही पुष्कळदा इंग्रजीत लिहिलेले असते. पाहुण्याची अवाजवी मागणी नाकारणे, अंगचटीला येणाऱ्याला ठामपणे थांबवणे, वरिष्ठाकडे तक्रार नोंदवणे ही भाषा मुलींना आणि मुलांनाही शिकवली पाहिजे. 'हो' म्हणायला शिकवणाऱ्या वर्गात 'नाही' म्हणायलाही शिकवले जावे.

हे शिकवण्याची पद्धत भारतात एकदा करून पाहिली गेली आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर, मद्रास वगैरे ठिकाणच्या शाळांत चालवलेल्या प्रकल्पात मुलांना व्याकरणाऐवजी सोडवायला कामे दिली जात. त्यांत रेल्वेची वेळापत्रके आणि नकाशे यांवरचे प्रश्नही असत. डोके उत्तर शोधण्यात गुंतले की भाषा आपोआप मुरते, असा त्यामागचा विचार. पर्यटनाच्या वर्गाला हे साहित्य शोधत जावे लागत नाही. कोकण रेल्वेचे वेळापत्रक, हॉटेलचे मेन्यूकार्ड, पुरातत्त्व खात्याचा फलक, रद्द झालेल्या बुकिंगचे व्हाउचर, पाहुण्याने लिहिलेला कडवट अभिप्राय, सगळे हाताशी असते. चौघांच्या कुटुंबाला मडगावहून अजिंठ्याला ठरावीक खर्चात आणि तीन दिवसांत न्यायचे आहे, बेत आखा आणि इंग्रजीत समजावून सांगा, एवढ्या एका कामात महिन्याभराचे धडे दडलेले असतात.

अडचण शिक्षकांची आहे. इंग्रजीच्या शिक्षकाला फ्रंट ऑफिस कसे चालते ते माहीत नसते, आणि व्यवसायाच्या निदेशकाला इंग्रजी शिकवण्याचा आत्मविश्वास नसतो. दोघे वेगवेगळ्या तासांना वेगवेगळे पुस्तक शिकवतात. यावरचा उपाय महागडा नाही : प्रात्यक्षिकाच्या खोलीत दोघांनी एकत्र तास घ्यावा, एकाने काम पाहावे, दुसऱ्याने भाषा. इंग्रजीच्या शिक्षकाने सुट्टीत काही दिवस हॉटेलात किंवा लेण्यांवर बसून नुसते संवाद टिपले, तरी त्याचा पुढच्या वर्षाचा अभ्यासक्रम बदलेल.

परीक्षा बदलली नाही तर यातले काहीच टिकत नाही. लेखी पेपरला गुण असतील तोवर वर्गात लेखी पेपरचीच तयारी होणार. पर्यटनाच्या इंग्रजीची मुख्य परीक्षा तोंडी, प्रसंग उभा करून घ्यावी. काम झाले का, पाहुण्याला समजले का, सूर योग्य होता का, अडल्यावर मार्ग काढला का, हे आधी तपासावे; व्याकरणाच्या चुकांचे गुण शेवटी, आणि तेही अर्थ बिघडला तरच कापावेत. परीक्षकांत एक माणूस व्यवसायातला असावा.

भाषांतर करणारे मोबाइल आल्यावर हे सारे कालबाह्य होईल, असेही म्हटले जाते. फलक वाचायला, मेन्यूचा अर्थ लावायला, ई-मेलचा मसुदा सुधारायला ते जरूर वापरावेत आणि वापरायला शिकवावेतही. पण गडावर नेटवर्क नसते, होडीत हात मोकळे नसतात आणि चिडलेल्या पाहुण्यासमोर पडद्यात पाहणारा माणूस विश्वास मिळवू शकत नाही.

पर्यटनाच्या विद्यार्थ्याला सगळे इंग्रजी येणे अशक्य आहे आणि आवश्यकही नाही. त्याला त्याच्या कामाचे इंग्रजी पूर्ण यावे, काम बदलले तर पुढचे शिकण्याचा पाया असावा, आणि स्वतःच्या हक्कासाठी बोलण्याइतके बळ असावे, ही रास्त अपेक्षा आहे. ती पुरी करायची तर व्यवसाय शिक्षणाच्या अभ्यास मंडळांनी इंग्रजीचे पुस्तक निवडण्याआधी एखादे हॉटेल, एखादे लेणे आणि एखादा बंदर-धक्का गाठून तिथे दिवसभर काय बोलले जाते ते ऐकावे. अभ्यासक्रमाचा मसुदा त्यानंतर लिहावा.